ब्रेयरने कार्ड रंगवताना रेघा पडू नयेत म्हणून काय करायचं (आणि ब्रेयरचे बाकीचे उद्योग)

ब्रेयर (शाई पसरवायचा दांडीवाला रबरी रोलर) घेतला, दोनदा वापरला, कार्डावर पट्टेच पट्टे आले आणि तो ड्रॉवरमध्ये जाऊन पडला, अशी निम्म्या लोकांची गोष्ट असते. त्यात इंटरनेटवर सल्ले असे की "नीट दाबून फिरवा", "जास्त शाई घ्या". दोन्ही चुकीचे. ब्रेयर म्हणजे लाटणं नाही, त्याला जोर लागत नाही, रोलरवर शाई कशी चढवली आणि कागद कुठला घेतला यावरच सगळं ठरतं. म्हणून आधी आकाशाची बॅकग्राउंड सविस्तर सांगते कारण ती जमली की बाकीचं सगळं खेळ आहे.

सामान : मऊ रबरचा रोलर, ४ इंची, आणि जमलं तर जोडीला एक २ इंची. लिनो प्रिंटसाठी कडक रबरचा मिळतो तो स्टॅम्पिंगच्या शाईला कामाचा नाही, आणि रंगकामाचा फोमचा छोटा रोलर "तोही चालतो" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो सगळी शाई पिऊन बसतो. नवीन रोलरवर शाई पसरत नाही, थेंब थेंब होऊन उभी राहते, तर आधी भांड्याच्या साबणाने धुवून पूर्ण कोरडा करून घ्या. शाई डाय इंक, म्हणजे पाण्यावर आधारलेली साधी. पिगमेंट इंक (जिचे रंगाचे कण कागदात न जिरता वर बसतात ती) ग्लॉसी कागदावर वाळतच नाही, मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर चार दिवसांनी बोट लावलं तरी रंग हाताला येतो.

कागदात कंजुषी नको. साध्या कार्डस्टॉकवर (कार्डाच्या जाड कागदावर) शाई टेकताक्षणी आत जिरते, मग तिथे जी रेघ पडली ती कायमची. कोटेड, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदावर शाई क्षणभर वरच राहते आणि तेवढ्या वेळात रोलर तिला पसरवू शकतो. क्राफ्टच्या दुकानात ग्लॉसी कार्डस्टॉक मिळाला तर उत्तम, नाहीतर प्रिंटिंगवाले वापरतात ते ३०० जीएसएमचं ग्लॉस आर्ट कार्ड मागा, पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला कागदवाल्यांकडे विचारून बघा. आधी एकच शीट घेऊन ट्राय करा कारण प्रत्येक कोटिंग वेगळं वागतं. इंकजेटचा फोटो पेपर घेऊ नका, त्यातले बरेचसे शाई झटकन ओढून घ्यायलाच बनवलेले असतात, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोब्बर उलट.

आता मुख्य भानगड, शाई चढवणं. सगळे लोक रोलर इंक पॅडवर पुढे-मागे, पुढे-मागे करतात. सव्वा इंच व्यासाच्या रोलरचा घेर होतो जवळजवळ १० सेंमी आणि आपलं पॅड जेमतेम ७-८ सेंमी लांब, म्हणजे तुम्ही कितीही पुढे-मागे केलं तरी रोलरचा तोच भाग शाईत बुडतो आणि उरलेला भाग कोरडाच. मग कागदावर गडद-फिका-गडद-फिका असे पट्टे येणारच, त्यात हाताचा काही दोष नाही. उपाय एकच : एकाच दिशेने फिरवायचा, पॅड संपलं की उचलायचा, परत सुरुवातीला टेकवायचा, परत फिरवायचा. उचलल्यावर रोलर हवेत थोडा फिरतो तो फिरू दे, त्यामुळे दर वेळी वेगळा भाग पॅडवर टेकतो. सहा-सात वेळा असं केलं की उजेडात धरून रोलर बघा, चमक सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कुठे मॅट डाग दिसला तर अजून दोनदा. मला हे बरेच दिवस कळलंच नव्हतं, मी कागद बदलत बसले होते, शाई बदलत बसले होते.

दुसरी गोष्ट, शाई भरलेला रोलर कधीही थेट कार्डावर टेकवायचा नाही. जिथे पहिल्यांदा टेकतो तिथे सगळ्यात जास्त शाई उतरते. कार्डाखाली मोठा रद्दी कागद ठेवा (वर्तमानपत्र नको, त्याची काळी शाई रोलरला लागते), रोलर त्या रद्दीवर टेकवा, तिथेच एकदा फिरवून जास्तीची शाई काढा आणि चालता चालता कार्डावर चढवा, कार्ड ओलांडून पलीकडच्या रद्दीवर उतरवा. कार्डाच्या मधे रोलर थांबवायचा नाही, मधूनच उचलायचा पण नाही. कार्ड सरकतं म्हणून मागून कमी चिकट टेप लावा, आणि तुकडा नेहमी पाहिजे त्यापेक्षा बोटभर मोठा कापा, नंतर ट्रिम करायचा. ए६ कार्डाची रुंदी १०५ मिमी आणि ४ इंची रोलर जेमतेम १०१, त्यामुळे "एका फटक्यात सगळं झाकलं जाईल" ही आशा सोडून द्या, जोड येणारच, तो लपवायचा कसा तेवढं शिकायचं.

जोड लपवायचा तो असा. रेघ पडते ती रोलरच्या टोकाची, कारण टोकाशी शाई जमते आणि तिथेच दाब जास्त जातो. आकाशाचे रंग आडवे हवेत म्हणून रोलर डावीकडून उजवीकडे फिरतो, म्हणजे रोलरचं एक टोक कार्डाच्या वर आणि एक मध्यावर. वरचं टोक कार्डाबाहेर लटकू द्या, त्याची रेघ रद्दीवर जाईल. खालच्या टोकाला शाईच लावू नका, पॅडवर रोलरचा अर्धाच भाग टेकवायचा आणि दर वेळी दोन-चार मिमी इकडेतिकडे सरकवून टेकवायचा म्हणजे शाईची कड धारदार राहत नाही. मग कार्डावर फिरवताना तो कोरडा अर्धा भाग स्वतःच कड पुसट करत जातो. दाब किती, तर ब्रेयरच्या स्वतःच्या वजनाएवढा. मूठ आवळू नका, दांडी सैल धरा. पहिल्या फेरीत काहीच झालं नाही असं वाटेल, रंग इतका फिका येतो, आणि इथेच लोक घाबरून दाबतात!! दाबू नका. परत शाई घ्या, परत फिरवा. चांगलं आकाश आठ-दहा पातळ थरांचं असतं, दोन जाड थरांचं नाही.

रंगांचा क्रम फिक्याकडून गडदकडे. क्षितिजाशी पिवळा, त्याच्या वर केशरी नाहीतर गुलाबी, मग जांभळा आणि सगळ्यात वर निळा. पिवळ्याला निळा थेट भिडवलात तर मधे हिरवा पट्टा येतो आणि संध्याकाळचं आकाश हिरवं कोणी पाहिलेलं नाही, म्हणून मधे गुलाबी हवाच. रंग बदलताना रोलर पुसायचा, नाहीतर पिवळं पॅड कायमचं मातीचं होतं. सगळं झाल्यावर जिथे जोड दिसतोय तिथे दोन रंगांपैकी जो फिका असेल तो परत एकदा वरून फिरवा, कोटेड कागदावर तो खालच्या शाईला हलवतो आणि रेघ विरघळते. हे मात्र लगेच करायचं, अर्ध्या तासाने नाही.

रेनबो पॅड असेल तर अर्धं काम वाचतं. कॅलिडाकलरसारख्या पॅडमधे पाच रंगांच्या पट्ट्या असतात आणि वापरताना त्या जवळ सरकवता येतात. वापर झाला की परत लांब करायला विसरू नका, रात्रभर चिकटून राहिल्या की रंग एकमेकांत जातात.

इथपर्यंत जमलं ना, आता मजा. आकाशाच्या खाली सह्याद्रीच्या रांगा काढा, चित्रकला यायची काहीच गरज नाही. एक कागद हाताने आडवा फाडा, कापायचा नाही, फाडलेल्या कडेलाच डोंगराचा आकार येतो. ज्याची वरची कड फाटलेली आहे तो अर्धा ठेवा बाजूला, आपल्याला दुसरा अर्धा लागणार, ज्याने आकाश झाकलं जाईल. तो कार्डावर ठेवून कडेवरून खाली रोलर फिरवा, फिका जांभळा. कडेशी रंग ठळक आणि खाली विरत गेला की आपोआप दरीतलं धुकं दिसतं. मग नवीन फाडलेला कागद सेंटिमीटरभर खाली ठेवून थोडा गडद रंग, तिसऱ्यांदा अजून खाली अजून गडद. लांबची रांग फिकी, जवळची गडद, बास. रोलर मात्र कायम मास्ककडून (म्हणजे या झाकणाऱ्या कागदाकडून) कार्डाकडे न्यायचा, उलटा नेलात तर कागदाची कड दुमडते आणि शाई आत घुसते. सूर्य हवा असेल तर आकाश रंगवायच्या आधीच स्टिकी नोटच्या चिकट भागातून रुपयाच्या नाण्याएवढा गोल कापून चिकटवायचा. वरून काळ्या शाईने झाड, पक्षी, बुरूज असा एखादा स्टॅम्प. ग्लॉसीवर काळ्यासाठी मी स्टेझऑन नावाची शाई वापरते, लगेच वाळते.

दिवाळीच्या कार्डांना रेझिस्ट करून बघा, म्हणजे जिच्यावर रंग बसत नाही अशी नक्षी. पांढऱ्या ग्लॉसी कार्डावर व्हर्सामार्कसारख्या चिकट शाईने पणती किंवा रांगोळीचा स्टॅम्प मारा, पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाका, झटका, हीट गनने वितळवा, गार होऊ द्या, वरून ब्रेयर. पावडरवर बसलेली शाई कोरड्या टिश्यूने पुसली की रंगात पांढरी रांगोळी उठून येते. स्टॅम्प मारण्याआधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकी फिरवा, नाहीतर एम्बॉसिंग पावडरचे कण नको तिथे चिकटतात. आणि हीट गन एका जागी धरू नका, ग्लॉसी कोटिंगला फोड येतात.

एम्बॉसिंग फोल्डरमधून (कागदावर उठावाची नक्षी दाबणाऱ्या साच्यातून) काढलेल्या काळ्या किंवा तपकिरी क्राफ्ट कागदाच्या उंचवट्यांवर सोनेरी पिगमेंट शाईचा रोलर नुसता टेकल्यासारखा फिरवला की पत्रिकेच्या दुकानातलं कार्ड वाटतं. हा साधा, कोट नसलेला कागद, त्यामुळे इथे पिगमेंट चालते.

रोलरला रबरबँड वेडेवाकडे गुंडाळा, पॅडवर फिरवा, कार्डावर एकदा उभा एकदा आडवा, चौकडीचा डिझाइन तयार. सुतळीने पण होतं. पाण्यावर आधारलेल्या शाईच्या ब्रश पेननी रोलरवरच पट्टे ओढा, तोंडाने "हा" करून वाफ द्या आणि फिरवा, पट्टे ओले होऊन मस्त मऊ येतात. लहान मुलांना बसवायला हे बेस्ट.

कापडावर छापायचे लाकडी ठसे असतात ना, गुजरातमधल्या पेथापूरला कोरतात तसले, ते बऱ्याच जणींकडे शोपीस म्हणून पडलेले असतात. ते कार्डावर छापताना पॅडवर आपटू नका, बारीक नक्षीत शाई भरून सगळा लगदा होतो. काचेच्या तुकड्यावर अ‍ॅक्रिलिक रंग ब्रेयरने पातळ पसरवा आणि तोच ब्रेयर ठशावर फिरवा, फक्त उंच भागालाच रंग लागेल. छापताना कार्डाखाली जाडसर फेल्ट किंवा घडी घातलेलं सुती कापड ठेवा, लाकूड कडक असतं, टेबलावर ठेवून दाबलं की मधला भाग उमटतच नाही. रंग वाळायच्या आत ठसा आणि रोलर दोन्ही पुसून घ्यायचे, अ‍ॅक्रिलिक वाळलं की रबरवरून खरवडून काढावं लागतं.

पॅनल (रंगवलेला तुकडा) कार्डाच्या बेसवर चिकटवताना पण स्वच्छ ब्रेयर वरून फिरवा, बुडबुडे राहत नाहीत. तेवढ्या वेळेला दाबलंत तरी चालेल.

स्वच्छता : डाय इंकला बेबी वाइप पुरे. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही रबरला लावू नका, रबर खराब होतं. आणि ब्रेयर रबरवर टेकवून ठेवायचा नाही, कधीच नाही, त्याच जागी सपाट खड्डा पडतो आणि मग दर १० सेंमीला तो कार्डावर दिसतो. दांडीच्या पाठीवर उलटा ठेवा किंवा खिळ्याला टांगा. बिघडलेली पॅनल्स टाकू नका, त्यातला चांगला तुकडा पंच करून गिफ्ट टॅग होतात, अगदीच पट्टे पट्टे असतील तर पाकिटाच्या आतलं अस्तर.