जर्मनीत स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनी आरोग्यविमा कसा ठरवावा

जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला २००९ पासून आरोग्यविमा सक्तीचा आहे. नोकरदाराला त्याची झळ फारशी जाणवत नाही, कारण हप्त्याचा निम्मा भार मालक उचलतो आणि कागदपत्रांचे काम कंपनी करते. फ्रीलान्सरच्या बाबतीत पूर्ण हप्ता आणि सगळा पत्रव्यवहार त्याच्याच गळ्यात पडतो. नव्याने आलेली मंडळी बहुधा सर्वांत स्वस्त विमा कोणता, एवढेच विचारतात. माझ्या मते आधी पाहावे ते हे, की आपण नोकरी सोडून व्यवसायात उतरत आहोत की भारतातून थेट व्यवसायासाठी येत आहोत, कारण बरेचसे पर्याय तिथेच ठरून जातात.

नोकरीत असताना आपण सार्वजनिक विम्यात, म्हणजे इथल्या बोलीत ‘पब्लिक’मध्ये, सक्तीचे सभासद असाल, तर नोकरी संपताच ते सभासदत्व आपोआप ऐच्छिक स्वरूपात चालू राहते. बाहेर पडायचे असल्यास विमा संस्थेचे म्हणजे क्रांकेनकासेचे पत्र आल्यापासून दोन आठवड्यांत तसे कळवून दुसऱ्या विम्याचा पुरावा द्यावा लागतो. भारतातून थेट व्यवसायाच्या परवान्यावर येणाऱ्याला मात्र हा दरवाजा सहसा बंद असतो. त्यासाठी लागणारा आधीच्या विम्याचा काळ युरोपीय संघातील सार्वजनिक विम्यातला चालतो. भारतातला मेडिक्लेम कितीही जुना असला तरी तो धरला जात नाही. दोन्ही देशांत २०१७ पासून लागू असलेला सामाजिक सुरक्षा करारही मुख्यतः निवृत्तिवेतनापुरता आहे. म्हणूनच ज्यांना निवड करण्याची मुभा आहे, त्यांनी आधी काही काळ नोकरी करून मग व्यवसायाकडे वळावे, असे मी सुचवतो.

पब्लिकचा हप्ता मिळकतीवर ठरतो. २०२५ च्या दरांनुसार आजारपण भत्त्याशिवायचा मूळ दर १४ टक्के, प्रत्येक विमा संस्था स्वतः ठरवते त्या अतिरिक्त दराची सरासरी २.५ टक्के आणि शुश्रूषा विमा, म्हणजे दीर्घकाळ काळजी घ्यावी लागल्यास उपयोगी पडणारा विमा, ३.६ टक्के होता. तेवीस वर्षांवरील निपुत्रिकांना त्यावर आणखी ०.६ टक्के भरावे लागतात. महिन्याला ३,००० युरो नफा असलेल्या निपुत्रिक व्यावसायिकाचा हप्ता यानुसार सुमारे ६२१ युरो होतो. मिळकत कितीही कमी असली तरी किमान ठरावीक रक्कम धरूनच आकारणी होते; २०२५ मध्ये ती १,२४८ युरो होती, म्हणजे साधारण २५८ युरो चुकत नसत. हे आकडे दर जानेवारीत बदलतात, तेव्हा ताजे पाहूनच हिशेब मांडावा. ऐच्छिक सभासदाच्या बाबतीत भाडे आणि व्याजही मिळकतीत मोजले जाते, ही गोष्ट आपल्याकडील लोकांना उशिरा कळते. पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिला असेल तर तेही भाडे सांगावे लागते.

सुरुवातीचा हप्ता अंदाजाने ठरतो आणि प्राप्तिकर कार्यालयाचा करनिर्धारणाचा कागद आल्यावर मागील फरक वसूल केला जातो किंवा परत मिळतो. पहिले वर्ष चांगले गेले तर हा फरक एकरकमी भरावा लागतो, म्हणून त्यासाठी पैसे बाजूला ठेवावेत. तो कागद तीन वर्षांत सादर केला नाही, तर त्या वर्षासाठी कमाल हप्ता आकारला जातो. आजारपणात बुडणाऱ्या उत्पन्नाचा भत्ता हवा असल्यास तसे वेगळे लिहून द्यावे लागते. मग मूळ दर १४.६ टक्के होतो आणि भत्ता सातव्या आठवड्यापासून सुरू होतो.

खासगी विम्याचा हप्ता वय, प्रकृती आणि निवडलेल्या लाभांवर ठरतो. तिशीतल्या धडधाकट माणसाला तो मोहक वाटतो. पण धंदा बसला म्हणून तो कमी होत नाही, पत्नीचा किंवा पतीचा आणि प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा पडतो, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर पब्लिकमध्ये परतणे जवळजवळ अशक्य असते. मूलबाळ होण्याचा विचार असलेल्यांनी हा हिशेब कागदावर मांडूनच सही करावी. अर्जातील आरोग्यविषयक प्रश्नांना पूर्ण खरी उत्तरे द्यावीत. रक्तदाबाची गोळी किंवा पाठदुखीसाठी घेतलेली फिजिओथेरपी क्षुल्लक वाटते, पण ती लपवल्याचे पुढे उघड झाले तर कंपनी करारातून अंग काढून घेऊ शकते.

महिना शंभर युरोच्या आतबाहेर मिळणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठीच्या पॉलिसींविषयी माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या काही आठवड्यांपुरत्याच त्या बऱ्या. त्यांना कालमर्यादा असते, पूर्वीपासूनचे आजार वगळलेले असतात, आणि निवास परवान्याच्या मुदतवाढीच्या वेळी परदेशी नागरिक कार्यालय त्या अनेकदा नाकारते.

चित्रकार, संगीतकार, लेखक, पत्रकार आणि डिझायनर यांनी कलावंतांच्या सामाजिक निधीकडे, म्हणजे क्युन्स्टलरसोत्सियालकासेकडे, जरूर अर्ज करावा. १९८३ पासून चालत आलेल्या या योजनेत सभासद आपला निम्माच वाटा भरतो, उरलेला निधीतून जातो. वर्षाला ३,९०० युरोंहून अधिक मिळकत असावी लागते, मात्र पहिल्या तीन वर्षांत ही अट नसते. ग्राहकांशी झालेले करार, बिले आणि कामाचे नमुने जोडावे लागतात आणि निर्णयाला काही महिने लागू शकतात. तोवर विमा चालूच ठेवावा, कारण मध्ये खंड पडला तर त्या काळाचे हप्ते मागाहून मागितले जातात.