एका तक्रारीचा खर्च काढताना पगाराला २०८ तासांनी भागू नका

सोलापुरी चादरी, टॉवेल ऑनलाइन विकणाऱ्यांचा हिशोब बहुतेक इथेच चुकतो. समजा, फोन-चॅट सांभाळणाऱ्या मुलीचा पगार १८,०००. मालकाच्या वाट्याचा पीएफ, ईएसआय (कामगार विमा), बोनस, फोन आणि सॉफ्टवेअर धरून महिन्याला २५,००० पडतात. २६ दिवस गुणिले ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाचा दर निघतो सुमारे १२० रुपये. पण प्रत्येक तक्रारीला लावलेल्या टायमरवर महिन्याचे तास १२५च भरले, तर खरा दर २०० रुपये. जेवण, सुट्टी, रिकामी वाट पाहणं, सगळं त्यातच वसूल व्हायला हवं.

आता प्रकारवार वेळ बघा. 'पार्सल कुठंय?' ३ मिनिटं, म्हणजे १० रुपये. 'चादरीचा रंग गेला' हे फोटो मागवणं, कुरिअरला कळवणं, पैसे परत करणं धरून २४ मिनिटं: ८० रुपये. फोन ठेवल्यानंतरची नोंदही टायमरमध्येच हवी. नेमकी तीच सुटते. तोच ग्राहक पुन्हा आला, तर वेळ जुन्याच ऑर्डर नंबरवर चढवा. एका वेळी तीन चॅट चालू असतील, तर मिनिटं तिघांत वाटा, नाहीतर तासाचे तीन तास होतात.

जेवायला जाताना चालू राहिलेला टायमर सरासरी फुगवतो. तासाभरावरच्या नोंदी आधी तपासून दुरुस्त करा. सरसकट उडवू नका, त्यांत खरी किचकट प्रकरणंही असतात. शेवटी सगळ्या प्रकारांची बेरीज २५,०००शी जुळली पाहिजे. दिवाळीचा महिना मात्र वेगळा काढा.