एका गळलेल्या ठिपक्यावरून पुस्तकाचा काळ ठरवू नका

जुन्या चिनी ग्रंथांच्या अभ्यासाला नव्याने लागलेल्यांसाठी लिहितेय. अभिजात चिनी वाचता येते आणि हुआंग पीलिये (१७६३–१८२५) कोण हे माहीत आहे, असं धरून चालते. सुझौचा हा संग्राहक सुंग घराण्याच्या काळी (९६०–१२७९) छापलेल्या पुस्तकांपायी इतका वेडा, की वर्षअखेरीला त्यांची पूजा मांडायचा. आपलं दसऱ्याचं पाटीपूजन म्हणा ना. त्याने पुस्तकांना जोडलेले शेरे आधी वाचा: प्रत कुठून आली, किती पैसे पडले, आधी कुणाकडे होती. पद्धतीवरची जाडजूड पुस्तकं नंतर वाचलीत तरी चालेल.

आता तो सापळा. राजाच्या किंवा त्याच्या पूर्वजाच्या नावातलं अक्षर पूर्ण लिहायचं नाही, शेवटची रेघ गाळायची, आणि त्यावरून छपाईचा काळ काढता येतो, हे सगळ्यांनाच शिकवतात. पुढचं कुणी सांगत नाही. ‘श्वेन’ या पाच रेघांच्या अक्षराचा शेवटचा ठिपका गायब दिसला की नवखा माणूस ‘सुंग!’ म्हणून उडी मारतो, कारण सुंग घराण्याने आपला मूळपुरुष मानला तो श्वेनलांग. पण कितीतरी नंतरच्या चिंग घराण्यातल्या कांगशी सम्राटाचं नावही श्वेनये! तो १६६१ मध्ये गादीवर आला आणि पुढच्या पुस्तकांत तोच ठिपका पुन्हा गळू लागला. ‘होंग’ची तीच गत. पहिल्या सुंग सम्राटाच्या वडिलांच्या नावात ते आहे आणि चिंग सम्राट चियेनलोंगच्या नावातही. मधे कित्येक शतकं, अक्षर मात्र दोन्हीकडे सारखंच लंगडं. या दोन अक्षरांनी मला पुरतं दमवलंय, म्हणून पुन्हा सांगते: ती एकटी असतील तर त्यांच्यावरून काहीही ठरवू नका.

त्यापेक्षा ‘गोउ’, ‘शन’, ‘दुन’ ही अक्षरं शोधा. ही तीन ११२७ ते ११९४ या काळातल्या ओळीने तीन सुंग सम्राटांच्या नावांशी बांधलेली आहेत. ‘शन’ तुटकं आणि ‘दुन’ धडधाकट असेल, तर पुस्तक मधल्या श्याओझोंगच्या कारकिर्दीतलं (११६२–११८९) असू शकतं. असू शकतं, एवढंच. सुंग प्रत समोर ठेवून नंतर कुणी छपाईचे लाकडी ठोकळे हुबेहूब कोरले, तर तुटकी अक्षरंही तशीच उतरतात. शिवाय मिंग काळातली (सुंगनंतर युआन, मग मिंग घराणं) प्रस्तावना फाडून प्रत सुंगची म्हणून विकणारे व्यापारी होतेच. म्हणून पानाच्या मधल्या घडीवर, तळाशी, कोरणाऱ्यांची नावं असतात ती उतरवून घ्या. तीही पानागणिक. सुंगचे काही ठोकळे युआन काळात हांगझौला होते, मिंग काळात नानजिंगला गेले आणि वाटेत झिजलेले बदलले गेले. अशा एकाच पुस्तकात तीन राजवटींची पानं निघतात.

टंकित मजकुरावर शोध घेऊन तारीख ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. टंकताना गळलेली रेघ परत जोडली जाते आणि पुरावाच पुसला जातो. बीजिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हजारो ग्रंथांची पानं छायाचित्रांच्या रूपात फुकट ठेवली आहेत. डोळे तिथे शिणवा. मार्गदर्शकाचंही तेच: आठवड्यात विषय हातात देणाऱ्यापेक्षा तुमच्या शेजारी बसून एक पान ताडून बघणारा बरा.

घाबरू मात्र नका. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतल्या पाठभेदांच्या टिपा ज्याने वाचल्यात, त्याचं अर्धं काम झालेलंच आहे. फरक एवढाच, की तिथे संपादकांनी पाठ निवडून मांडला, आणि हुआंगच्या घरी राहून प्रती ताडणारा गू ग्वांगची मूळ पाठाला हात लावत नसे. दुरुस्ती वेगळ्या टिपणात. विसाव्या शतकात इतिहासकार चन युआनने ताडून बघण्याच्या चार रीती सांगितल्या: दुसऱ्या प्रतींशी, त्याच ग्रंथातल्या इतर जागांशी, इतर ग्रंथांशी आणि शेवटी तर्काने. चौथी सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत धोक्याची, असं तो स्वतःच बजावतो. नवख्याने पहिलीच धरावी, निदान दोन वर्षं.

आणि एखादं अक्षर सुटलं नाही तर सुटलं नाही. ‘लीजी’ या प्राचीन विधिग्रंथातल्या एका जागी ‘पश्चिम’ की ‘चार’ (दोन्ही अक्षरं दिसायला जवळजवळ जुळी) यावरून गू आणि त्याच काळातला विद्वान दुआन युत्साय एवढे भांडले, की संबंधच तुटले. तुमच्या पहिल्या टिपणात दोन-तीन जागी ‘निर्णय नाही’ असं राहिलं, तर तसंच जमा करा.