काळ्या दगडात पितळ बसवायचंय? आधी पिन बघा

आमच्या लातूरच्या शेडात पोरं येऊन हेच विचारायलेत, पितळी पक्षी तर ओतून आणला, आता दगडात बसवायचा कसा? मी स्वतः एकदा माती खाल्लीय म्हणून जरा सविस्तर सांगायलोय.

तेव्हा मी काय केलं, पक्षी अन् दगड जोडायची पिन म्हणून भंगारातल्या सळईचा तुकडा घेतला, आटे पाडून पक्ष्याच्या पायात पिळला अन् दिला दगडात ठोकून. दोन पावसाळे गेले अन् दगड मधोमध तडकला. मी दगडाला शिव्या घातल्या. फोडून बघतो तर सळई गंजून फुगलेली. लोखंड गंजलं की त्याला जागा जास्त लागते अन् दगड काही ताणत नसतो, तो फुटतोच. त्यात पितळाला चिकटलेलं लोखंड ओलाव्यात अजूनच लवकर गंजतं. म्हणून पिनेसाठी 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा रॉड घ्या नाहीतर पितळेचाच, अन् दुकानात खिशात चुंबक ठेवा, खटकन चिकटलं तर परत द्या.

दगड हातोडीनं वाजवून घ्या. खणखणला तर ठीक, बद्द वाजला तर सोडा. शंका असली तर पाणी ओता, वरचं वाळल्यावर जिथं ओली रेघ राहते तिथं चीर समजा.

12 एमएम रॉडला 14 चं भोक पुरतं, फूटभर पक्ष्याला तीन-चार इंच खोल. कडेजवळ ड्रिलचा हॅमर मोड (ठोकत भोक पाडायचा) लावू नका, कपचा उडतो. पाणी सोडत डायमंड कोअर बिटनं (हिऱ्याच्या कणांची धार असलेल्या पोकळ बिटनं) भोक हळू काढा, मास्क लावूनच. मग भोक ब्रशनं साफ करून उन्हात पूर्ण वाळू द्या. रॉड चिकटवायचा अ‍ॅराल्डाइटनं, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या गोंदानं; आतल्या भुकटीवर तो धरतच नाही, कामून निघालं म्हणून लोक नंतर कंपनीला बोलतात!

रॉडला ग्राइंडरनं चरे पाडा. मे महिन्यात अ‍ॅराल्डाइट सकाळीच कालवा, दुपारी हातातच घट्ट होतं. भोक काठोकाठ भरू नका, रॉड फिरवत फिरवत घाला म्हणजे हवा निघते, अन् टेकू देऊन दिवसभर हलवू नका.

वेरूळच्या कैलासवाल्यांना ही कटकट नव्हती, 8व्या शतकात डोंगरच वरून खाली कोरत आले, पिन कशाला लागतीय.

हां, एक राहिलंच, दोन पाय असतील तर दोन पिना टाका, एकीवर पक्षी फिरतो. अन् आधी कोरडं बसवून पेन्सिलीची खूण करा, नाहीतर तोंड भिंतीकडं अन् शेपूट गिऱ्हाइकाकडं.