वर्ग ऐकत नसेल तर काय करायचं (छडी न घेता)

नवीन जॉईन झालेले सर-मॅडम महिन्याभरात एकच विचारतात, सातवी-आठवीची पोरं ऐकतच नाहीत हो, काय करू? मी पण आधी आवाज चढवणाऱ्यातलाच, माझा घसा बसायचा पण वर्ग काही बसायचा नाही. आता जे करतो ते सांगतो.

आधी कायद्याचं पटकन. आरटीई 2009, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्याचं कलम 17, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद, म्हणजे फूटपट्टी तर सोडाच, कोंबडा करणं आणि वर्गासमोर बापाची लायकी काढणं पण नाही. "दाखला हातात देईन" ही धमकी तर देऊच नका, कारण कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत पोराला शाळेतून काढता येत नाही. 2019 ला बदल झाला तो पाचवी-आठवीत मागे ठेवण्यापुरता, काढायची मनाई तशीच आहे. एकदा पोकळ धमकी दिली आणि काहीच झालं नाही की पुढचं वर्षभर तुम्हाला कोण विचारतंय.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात नियम ठरवा, तीन-चारच, आणि मोडला तर काय होणार ते पण तेव्हाच सांगून ठेवा. पंधरा नियमांचा तक्ता भिंतीवर छान दिसतो फक्त.

आता खरा मुद्दा, चालू तासाला दंगा. फळ्यापासून ओरडायचं नाही. शिकवत शिकवत त्या बेंचपाशी जायचं, त्याच्या पुस्तकावर बोट ठेवायचं, हळू आवाजात "मधल्या सुट्टीत भेट" म्हणायचं आणि पुढे चालू पडायचं, उत्तराची वाट बघत उभं राहायचं नाही. चाळीस पोरं बघत असताना "काय रे, काय चाललंय" विचारलं की त्याला माघार घेताच येत नाही, तो उलटून बोलणारच, मग हसं तुमचं होतं.

माझ्या वर्गात एक जण होता, मराठीच्या तासाला कंपासपेटी वाजवायचा, म्हणजे रोज नाही, अधूनमधून. दोनदा बाहेर उभा केला, खुशीत गेला! मग मी वहीत मागे तारीख आणि तेव्हा वर्गात काय चाललेलं ते लिहायला लागलो, आठ-दहा दिवसात कळलं की प्रकट वाचन त्याच्या बेंचजवळ आलं की पेटी वाजते. त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती, आणि मी बाहेर काढून त्याची सुटकाच करत होतो. मग आदल्या दिवशीच सांगायला लागलो, उद्या हा चार ओळींचा परिच्छेद तुझा, घरी वाचून ये. पेटी लगेच नाही थांबली, दिवाळी उजाडली. पण एवढं करा, कधी, कोणत्या तासाला, नेमकं कशाच्या आधी, हे लिहून काढा. "उद्धट आहे" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही.

मारामारी झाली तर आधी लांब करा, पाणी द्या, मग दोघांना वेगवेगळं बसवून कागदावर लिहायला लावा, काय झालं आणि मी काय केलं. सुरुवात कोणी केली हे घोळक्यात विचारलं की तासभर तेच.

शिक्षा चुकीला धरून हवी. बेंचवर कोरलं तर सुट्टीत पॉलिश पेपरने घासून दे, एवढंच. एकाने केलं म्हणून सगळ्या वर्गाची पीटी बंद करू नका. आणि मॉनिटरला फळ्यावर नावं लिहायला लावू नका, तिथे चिवड्याच्या डब्यावर नाव पुसलं जातं, सगळ्यांना माहितीये.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नको, काहीतरी बरं सांगायला करा. बोलावलंच तर आधी अट घाला की इथे हात उचलायचा नाही, स्टाफरूममध्ये बापाने थोबाडीत दिलेली बघितलीये मी, ते पोरगं नंतर दोन महिने माझ्याकडे बघत पण नव्हतं.

अंगावर वळ दिसले, पोर घरी जायला घाबरतंय असं वाटलं तर मात्र हे शिस्तीचं प्रकरण नाही, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा आणि 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला, फोन लावा.