विकलेल्या गृहकर्जावरचा नफा कसा मोजायचा

माझी भाची महापेला एका गृहवित्त कंपनीत नुकतीच लागली. परवा ठाण्याला आली ती चप्पल काढायच्या आधीच विचारते, "मावशी, ३० लाखांचं कर्ज बँकेला ३० लाखांनाच विकायचं, मग नफा येतो कुठून?" मी अशाच एका कंपनीत हिशेब खात्यात होते. चहा उकळेपर्यंत विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर तिला मांडून दाखवलं, तेच इथे देते.

घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटचं कर्ज धरा. शिल्लक मुद्दल ३० लाख, दर ९ टक्के, मुदत १५ वर्षं राहिलेली. हप्ता येतो ३०,४२८ रुपये. आता घेणारी बँक म्हणते, मला ८.५ टक्के सुटले तरी चालतील. मग तेच १८० हप्ते ८.५ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणा. एक्सेलमध्ये पीव्हीचं, म्हणजे आजच्या किमतीचं, सूत्र आहे. उत्तर येतं साधारण ३०.९० लाख. वहीत ३० लाख, म्हणजे ९० हजार नफा. बँक साडेनऊ मागू लागली, तर तेच हप्ते २९.१४ लाखांचे होतात आणि ८६ हजारांचा खड्डा पडतो. कर्जदाराला यातलं काही कळतही नाही, त्याचा हप्ता बहुधा जुन्याच कंपनीकडे जात राहतो.

पण ९० हजारांवर पेन ठेवून थांबू नका. आपल्याकडे डायरेक्ट असाइनमेंटमध्ये, म्हणजे कर्जं थेट बँकेच्या नावावर करण्याच्या व्यवहारात, पूल (एकत्र विकलेल्या कर्जांचा गठ्ठा) बहुतेक वेळा मुद्दलाच्याच किमतीला जातो. ९ आणि ८.५ मधला अर्धा टक्का विकणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला मिळतो: पहिल्या महिन्यात १,२५० रुपये, पुढे मुद्दलाबरोबर घटत जाणारे. इंड एएस ही हिशेबाची मानकं पाळणाऱ्या गृहवित्त कंपन्या या सगळ्या महिन्यांची आजची किंमत विक्रीच्या तिमाहीतच नफ्यात धरतात. पैसा मात्र यायचाच असतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत हातात न आलेला नफा भांडवलातून वजा करायला सांगितलंय. तोटा झाला असेल तर तो त्याच काळात दाखवायचा, पुढे ढकलायचा नाही.

आता खरी मेख. कर्ज १५ वर्षं टिकतं का? फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला फोरक्लोजरचा, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून बंद करण्याचा, दंड नाही. २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.२५ वर आला. असा दर उतरला की स्वस्त दराची ऑफर घेऊन एजंट सोसायटीच्या गेटवर हजर! वरचंच कर्ज पाच वर्षांनी बंद झालं असं धरून पुन्हा मोजा. नफा ९० हजारांचा ५६ हजार होतो. आमच्या कंपनीत एका वर्षी ही गळती फार कमी धरली होती. पुढच्या मार्चमध्ये आधी दाखवलेला नफा परत काढताना साहेबांचे चेहरे बघण्यासारखे होते, आणि रात्री अकराची ठाणे लोकल आम्हा कारकुनांच्या नशिबी.

मग वजाबाकी. घेणाऱ्याने पूलमधलं प्रत्येक कर्ज स्वतः तपासलं नसेल, तर किमान १० टक्के हिस्सा विकणाऱ्याला ठेवावा लागतो. तेवढ्यावर विक्रीचा नफा नाही, म्हणजे ५६ चे उरले साधारण ५० हजार. त्यातून वकील, मुद्रांक, रेटिंग असला खर्च काढा. वसुलीचं काम आपल्याकडेच राहतं, त्याचा पगारपाणी खर्चही धरा. नवशिके हाच विसरतात.

एक तारीखही तपासा. दोन वर्षांहून लांब मुदतीचं तारणी कर्ज सेरसाईत (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) नोंद झाल्यापासून सहा महिने तरी स्वतःकडे ठेवावं लागतं. सहा महिने न झालेलं खातं पूलमध्ये दिसलं तर बाजूला काढा.

भाचीला सांगितलं, सोमवारी गेल्यावर नफ्याचा तक्ता नंतर माग. आधी जुन्या विकलेल्या पूलचं महिनावार फोरक्लोजर पत्रक माग, आणि कुठला महिना अचानक फुगलाय ते बघ.