मलप्रभेकाठचा खंड्या

खानापुरात मलप्रभेकाठी तीन रविवार घालवले, पण खंड्या पक्ष्याचा एक फोटो धड नाही. ऊन कललं की रंग सुरेख, चित्र मात्र हललेलं. कॅमेरा ऑटोवर होता. उजेड घटला की शटरचा वेग १/१२५ सेकंदावर उतरायचा, आणि ४०० एमएमच्या लांब पल्ल्याच्या लेन्सला तो पुरत नाही. आता शटर १/१००० धरतो, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत मोकळा. फोटो जरा रवाळ येतो, येऊ दे.

दुसरी खोड माझीच, पाठलागाची. म्हशी धुणारे मामा म्हणाले, "मागं कशाला पळतासा? त्याची फांदी ठरलेली हाय, तिथंच बसा की!" ऊन पाठीशी घेऊन, घोंगडं पांघरून बसलो. पाऊण तासानं आला. खेकडा फांदीवर आपटताना त्याच्या डोळ्यातली उन्हाची ठिणगीसुद्धा टिपली गेली.